ढाल आणि अंगठा

मला आयुष्यात एकच बक्षीस मिळाले. सातवीत असताना हस्ताक्षर स्पर्धेत, उत्तेजनार्थ. बक्षीस म्हणून स्टीलची वाटी दिली होती. ती वाटी आमच्या घरी अजून तूप वाढायला काढतात. चांगल्या अक्षरामुळेच पोरगा बँकेत लागला, असे वडील शेवटपर्यंत येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत. वास्तविक मी बी.कॉम. झालो होतो, लेखी परीक्षा दिली होती. पण वडिलांचा विश्वास वाटीवर. गंमत अशी, की मी नोकरीला लागलो आणि वर्षा-दोन वर्षांत शाखेतली लेजरे माळ्यावर गेली, टेबलावर संगणक आले. तेव्हापासून माझे सुरेख अक्षर एकाच कामाला उरले आहे. 'लिंक नाही' ही पाटी लिहायची. ती मात्र मी फार सुंदर लिहितो.

हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे मी बक्षिसांविरुद्ध लिहिणार आहे. बक्षीस न मिळालेला माणूस बक्षिसांवर टीका करू लागला की लोकांना लगेच कोल्हा आणि द्राक्षे आठवतात. माझ्या घरी वाटी आहे. माझे समाधान झालेले आहे.

तर झाले असे, की आमच्या बँकेला एक पुरस्कार मिळाला. व्यवसायात माहिती तंत्रज्ञानाचा नावीन्यपूर्ण वापर केल्याबद्दल. बँकेचे नाव सांगत नाही. अजून बारा-तेरा वर्षे नोकरी शिल्लक आहे. कुठल्याशा पंचतारांकित हॉटेलात मोठ्या साहेबांनी काचेची एक तिरपी ढाल स्वीकारली. ढालीचा फोटो मोबाईलवर आला आणि त्यामागोमाग परिपत्रक. परिपत्रकात लिहिले होते : सर्व शाखांनी सदर यशाबद्दल ग्राहकांस पेढे वाटावेत. खर्च किरकोळ खर्चातून करावा. कमाल मर्यादा रुपये ५००. पावती जोडावी. समाधानी ग्राहकांसमवेत फोटो काढून दुपारी बाराच्या आत ग्रुपवर टाकावा.

आमचे निलंगा तसे उत्साही गाव. साडेदहापर्यंत पेढे आले. दहा वाजून वीस मिनिटांनी लिंक गेली होती. मी पाटी लावली.

पाटी लावल्यावर रांगेत काय होते ते बँकेत गेलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. काही होत नाही. रांग तशीच उभी राहते. आमच्या रांगेत तिसऱ्या नंबरवर मदनसुरीकडची एक आजी होती. वय पंच्याहत्तरच्या पुढे. बरोबर नातसून. आजीचे निराधार योजनेचे पैसे खात्यात येऊन पडले होते, पण केवायसी राहिली म्हणून खाते थांबवलेले. पहिल्या खेपेला आजीने आधार कार्ड आणले नव्हते. दुसऱ्या खेपेला आणले, तर लिंक नव्हती. ही तिसरी खेप. अकराच्या सुमारास लिंक आली आणि आजीने यंत्रावर अंगठा ठेवला. लाल दिवा. पुन्हा ठेवला. लाल दिवा.

"आजी, जरा दाबून धरा."

"दाबलालाव की रे लेकरा. आजून किती दाबू?"

आमच्या शिपाईमामांना या कामाचा दांडगा अनुभव. त्यांनी अंगठा टॉवेलने पुसला, ओला केला, पुन्हा पुसला, मग आजीला तो केसांवर फिरवायला सांगितला, म्हणजे थोडे तेल लागते. अकरा वेळा प्रयत्न झाले. साठ वर्षे ज्या अंगठ्याने खुरपे धरले, तुरी उपटल्या, सोयाबीन काढले, भांडी राखेने घासली, त्या अंगठ्यावर रेघा राहतील कशा? तो अंगठा काचेसारखा गुळगुळीत झाला होता. आमच्या ढालीसारखा म्हणा ना.

तेवढ्यात मामा पेढ्यांचा पुडा घेऊन आले. आजीच्या हातावर पेढा ठेवला.

"पेढा कशाचा रे?"

"आजी, आपल्या बँकेला बक्षीस मिळालं."

"कशाचं?"

आता काय सांगणार? मी म्हणालो, "मशिनीमुळं लोकांची कामं लवकर होतात म्हणून."

आजी हसली नाही, चिडलीही नाही. तिने सरळ विचारले, "मग माजं व्हईल का आज?"

वाचकहो, त्या प्रश्नाने मला हा लेख लिहायला बसवले. आणि त्या प्रश्नाशिवाय कोणतीही ढाल कुणाला देऊ नये, एवढेच माझे म्हणणे आहे.

मी संगणकाचा वैरी नाही. आमच्या धंद्यात ते वैर एकेकाळी जोरात होते. १९८३ साली रिझर्व्ह बँकेने डॉ. सी. रंगराजन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली, तेव्हा तिच्या नावात 'संगणक' हा शब्दही नव्हता. बँक व्यवसायातील 'यांत्रिकीकरण' म्हटले होते. शाखेत आलेल्या यंत्रालाही 'ॲडव्हान्स्ड लेजर पोस्टिंग मशीन' असे लांबलचक नाव. नव्या नवरीने नवऱ्याचे नाव न घेता 'अहो ऐकलंत का' म्हणावे तसा तो प्रकार. १९८८ साली त्याच रंगराजनांची दुसरी समिती आली, तेव्हा कुठे 'संगणकीकरण' हा शब्द उघड उच्चारला गेला. दरम्यान १९८७ मध्ये मुंबईत देशातले पहिले एटीएम लागलेही होते. आमचे जुने सहकारी सांगतात, सहामाहीला बेरीज जुळेना म्हणून सत्तावीस रुपयांचा फरक रात्री दोनपर्यंत शोधायचो आणि फरक सापडल्यावर चहाला एकतीस रुपये खर्च करायचो. ते दिवस परत यावेत असे वाटणारा माणूस मी पाहिलेला नाही. २०१६ साली यूपीआय आले आणि आज आमच्या बाजारात कोथिंबिरीची जुडी विकणारी बाईसुद्धा पाटीवर चौकोनी नक्षीचा कागद लावून बसते. पैसे आले की डबी बोलते, बाई मान डोलावते, व्यवहार संपला. याला मी नावीन्य म्हणतो. त्यासाठी त्या बाईला एकही खेप घालावी लागली नाही.

माझे भांडण आहे ते ढाल देण्याच्या रीतीशी. १९९६ साली रिझर्व्ह बँकेने बँकांच्या तंत्रज्ञानासाठी हैदराबादला आयडीआरबीटी ही संस्था काढली आणि २००१ पासून ती संस्था बँकांना पुरस्कार देऊ लागली. इंडियन बँक्स असोसिएशन देते. तिकडे अमेरिकेत 'सीआयओ १००' म्हणून शंभर संस्थांचा गौरव होतो. हेतू सगळ्यांचा चांगला, यात वाद नाही. सुरुवातीला बँका यंत्राला घाबरत होत्या, त्यांची भीड मोडायला बक्षीस हवेच होते. लहान मुलाला पोहायला शिकवताना आपण चॉकलेट दाखवतोच की. पण मूल पस्तीस वर्षांचे झाल्यावरही पाण्यात उतरल्याबद्दल चॉकलेट द्यायचे का? आता बुडणाऱ्याला बाहेर काढलेस का, हे विचारायला नको?

ते कोणी विचारत नाही, कारण एक तर पुष्कळ ठिकाणी ज्याला बक्षीस हवे त्यानेच अर्ज भरायचा असतो. अर्जात यंत्रे किती घेतली, खाती किती उघडली, व्यवहार किती झाले ते लिहायचे. अकरा वेळा अंगठा ठेवून लाल दिवा लागला, याला रकाना कुठे असतो? दुसरे असे, की अशा पुष्कळ समारंभांच्या मंडपावर यंत्रे विकणाऱ्या कंपन्यांचीच नावे झळकत असतात. पोळ्याला बैलांची स्पर्धा झुली विकणाऱ्याने भरवावी, झूल बघून नंबर काढावा आणि बैल नांगर ओढतो का, हे कुणीच विचारू नये, तसे हे आहे.

आणि अंगठ्याचे राजकारण तर और आहे. १९८८ साली राष्ट्रीय साक्षरता अभियान निघाले. पुढे गावोगाव कंदील लावून म्हाताऱ्या बायांना सही शिकवली गेली. आमची आजी त्यांतलीच. वेडीवाकडी का होईना, स्वतःच्या नावाची सही करते आणि त्याचा तिला अभिमान आहे. अंगठेबहाद्दर हा शब्द शिवी म्हणून वापरत देशाने तिला अंगठ्यावरून सहीवर आणली. आणि आता आम्ही सांगतो, सही नको, अंगठा दे. पूर्वी निरक्षराचा अंगठा चालत होता, आता साक्षराचाही चालत नाही, ही प्रगती तपासून पाहायला हवी. आधारचा पहिला क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी आपल्याच राज्यात, नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावी दिला गेला. म्हणजे सगळ्यांत जास्त काळ अनुभव आपल्या गाठीला आहे. बरे, दुसऱ्या वाटा नाहीत असे नाही. डोळ्याची बाहुली चालते, चेहरा चालतो, मोबाईलवर ओटीपी चालतो. पण आमच्या शाखेत डोळ्याचे यंत्र नाही, आणि आजीच्या नावाला जोडलेला मोबाईल नातवाच्या खिशात पुण्याला आहे.

याउलट एसटीचा कंडक्टर बघा. पंच्याहत्तरच्या पुढच्यांना २०२२ पासून प्रवास फुकट आहे. कंडक्टर आधार कार्डाकडे एकदा बघतो, आजीच्या तोंडाकडे एकदा बघतो आणि शून्य रुपयांचे तिकीट देतो. त्याला कुणी ढाल देत नाही.

कुणी म्हणेल, एका आजीवरून सगळ्या व्यवस्थेला नावे ठेवू नका. शंभरात नव्वदांचे काम होते ना? होते. पण पुलाची परीक्षा उन्हाळ्यात होत नसते. मांजरेला पूर आला की पूल कळतो. ज्याच्याकडे शिक्षण, मोबाईल, ओळख सगळे आहे, त्याचे काम यंत्राशिवायही होतच होते. उरलेल्या दहांसाठी तर हा खटाटोप! आणि खेप फुकट नसते. आजीचे तिकीट माफ. पण बरोबर आलेली नातसून सोयाबीनच्या काढणीचा रोज बुडवून आली होती. तीन खेपा, तीन रोज. निराधाराला मिळणाऱ्या दीड हजारांतून ते वजा करा आणि मग नावीन्याचा हिशेब मांडा. कॉमर्सच्या विद्यार्थ्याला एवढी वजाबाकी येते.

आपल्याकडे याचा धडा कधीच मिळालेला आहे. १९९८ साली कोल्हापूरकडे वारणानगरला साखर कारखान्याच्या परिसरातली सत्तर गावे संगणकांनी जोडायची मोठी योजना निघाली. देशभर नाव झाले. पुढे २००७ च्या सुमारास बेंगळुरूच्या मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी गावात बसून पाहिले, तर शेतकरी त्या संगणकांकडे येत होता तो ठरावीक दोन-चार गोष्टींसाठी. माझा ऊस किती टन भरला, खत किती उचलले, वगैरे. त्यांनी सात गावांत संगणकाऐवजी साधा मोबाईल आणि एसएमएस लावून पाहिला. काम झाले, आणि स्वस्तात झाले. प्रयोगाचे नावच होते 'वारणा अनवायर्ड'. मला त्या संशोधकांचे कौतुक वाटते ते यासाठी, की त्यांनी यंत्राला नाही, शेतकऱ्याला विचारले, बाबा, तुला नेमके काय पाहिजे?

मुंबईच्या डबेवाल्यांचेही तेच. १८९० पासूनचा धंदा. डब्याच्या झाकणावर रंग आणि दोन-चार अक्षरे, एवढेच त्यांचे माहिती तंत्रज्ञान. २०२० च्या टाळेबंदीने त्यांचे कंबरडे मोडले ही गोष्ट वेगळी. पण २०१० साली हार्वर्डने त्यांच्यावर अभ्यास लिहिला तो डबा वेळेवर पोचतो म्हणून. झाकण चकचकीत आहे म्हणून नव्हे.

तेव्हा माझी नम्र सूचना अशी. पुरस्कार जरूर द्या, पण परीक्षक रांगेतून निवडा. त्यांनी तीनच प्रश्न विचारावेत. एक, माझ्या खेपा किती वाचल्या? दोन, यंत्र बंद पडले तर माझे काम कसे होणार? तीन, यंत्राने मला ओळखले नाही तर मला ओळखणारा माणूस खुर्चीवर आहे का? आणि काचेच्या ढालीऐवजी बाकडे द्या. रांगेतल्या लोकांना बसता येईल.

आजीचे काम झाले का, हे सांगायचे राहिले. झाले. साहेबांनी कपाटातून जुना कागदी केवायसी अर्ज शोधून काढला. नियमात त्याची सोय पहिल्यापासून होती. पण कागदावर केलेली केवायसी आमच्या डिजिटलच्या टक्क्यांत मोजत नाहीत, म्हणून तो अर्ज कोणी काढतच नसे. मीही काढला नव्हता. पहिल्या खेपेला नाही आणि दुसऱ्याही नाही. आजीने खाली सही केली, अगदी सावकाश, जीभ बाहेर काढून. सव्वाचारला तिच्या हातात पैसे पडले. शेवटची एसटी मिळाली.

फोटो मात्र बाराच्या आत गेला होता. समाधानी ग्राहक म्हणून मामांनी आजीलाच उभे केले होते. तो फोटो वरच्यांना फार आवडला. पुढच्या वर्षीच्या पुरस्काराच्या अर्जाला तोच जोडणार आहेत, 'तळागाळापर्यंत पोचलेले तंत्रज्ञान' या मथळ्याखाली. फोटो खरेच छान आलाय. आजी सरळ समोर बघते आहे, हातात पेढा आहे. अंगठा तेवढा पेढ्याआड गेला आहे.