भाषा आधी, वाणी नंतर

कर्णबधिर मुलाच्या पुनर्वसनाचा विचार करताना 'मूल बोलू लागेल का?' हा प्रश्न सर्वप्रथम विचारला जातो. पालकांच्या दृष्टीने तो स्वाभाविकच आहे. भाषेच्या अभ्यासकाने मात्र त्याआधी दुसरा प्रश्न विचारला पाहिजे : या मुलाला भाषा मिळते आहे का? वाणी हे भाषेचे एक माध्यम आहे. ती म्हणजेच भाषा नव्हे.

ऐकणाऱ्या मुलाच्या कानावर जन्मापासून भाषा पडत असते. ती त्याला मुद्दाम शिकवावी लागत नाही. श्रवणदोषामुळे ही वाट अडते. केवळ ओष्ठवाचनाने ती मोकळी होत नाही. कारण 'पाळ', 'बाळ' आणि 'माळ' हे शब्द ओठांवर जवळजवळ सारखेच दिसतात. भाषा येणारा माणूस संदर्भावरून त्यांतील भेद ओळखतो. ज्याला भाषाच मिळालेली नाही, त्याने हा संदर्भ कोठून आणावा?

तरीही १८८० मध्ये मिलान येथील आंतरराष्ट्रीय परिषदेने मौखिक पद्धतीचाच पुरस्कार केला आणि खुणांची भाषा अनेक शाळांतून हद्दपार झाली. विल्यम स्टोको यांनी १९६० मध्ये अमेरिकी खुणांच्या भाषेची संरचना उलगडून दाखवली, तेव्हापासून अभ्यासक तिच्याकडे स्वतंत्र भाषा म्हणून पाहू लागले. कर्णबधिर आईवडिलांची कर्णबधिर बाळे हातांनी 'बडबड' करतात, हे पेटिटो व मॅरेंटेट यांनी १९९१ मध्ये नोंदवले.

याचा अर्थ श्रवणयंत्र, कॉक्लिअर इम्प्लांट वा वाचोपचार यांना विरोध करावा, असा नाही. वेळेवर निदान झाल्यास त्यांच्या साहाय्याने अनेक मुले चांगली बोलू लागतात. परंतु सर्वांना सारखे यश येत नाही. 'खुणा शिकवल्या तर मूल बोलणार नाही', या भीतीने वाट पाहत राहिल्यास भाषासंपादनाची पहिली मोलाची वर्षे निघून जातात आणि ती हानी पुढे भरून काढणे अतिशय कठीण होते.

बहुतेक कर्णबधिर मुलांचे आईवडील ऐकू शकणारे असतात. म्हणूनच पुनर्वसनाचा आरंभ घरातून व्हावा. निदानाबरोबरच पालकांना भारतीय सांकेतिक भाषा शिकण्याची सोय मिळावी. पुढे मूल बोलू लागले, तर त्याच्याजवळ दोन भाषा असतील. न बोलले, तरी आईशी भांडण्यासाठी, प्रश्न विचारण्यासाठी आणि विचार करण्यासाठी त्याच्याजवळ एक संपूर्ण भाषा असेल.