कॅराव्हॅन भाड्यानं मिळते, पण रात्री लावायची कुठं? मुंबई-पुण्याजवळ निवांत जागा का सापडत नाही, याचं गणित समजून घ्या

एक रील तुम्ही नक्की बघितलं असणार. पहाटेची वेळ, समोर तळं, त्यावर धुकं. गाडीचा मागचा दरवाजा उघडतो, आत गादी आणि छोटासा गॅस. चहा उकळतोय आणि आजूबाजूला चिटपाखरू नाही. खाली लिहिलेलं असतं, ‘मुंबईपासून फक्त तीन तास’.

मग आपण रील सेव्ह करतो, ग्रुपवर टाकतो आणि शनिवारी निघतो. पोहोचल्यावर दिसतं ते वेगळंच. एका वावरात हातभर अंतरावर लावलेले तंबू, दोन बाजूंनी दोन वेगवेगळी गाणी, पार्किंगला रांग आणि टॉयलेटलाही रांग. कॅराव्हॅन घेऊन गेला असाल तर आणखी एक अडचण, ती म्हणजे गाडी वळवायलाच जागा नाही.

आता प्रश्न असा, की महाराष्ट्रात एवढे डोंगर, एवढी धरणं आणि एवढी रानं असताना एका गाडीला रात्रभर निवांत उभं राहायला जागा का मिळू नये?

सगळ्यात आधी, कॅराव्हॅनला नेमकं काय लागतं?

आपल्याकडं चाकावरचं घर म्हटलं की शूटिंगवाल्यांची व्हॅनिटी व्हॅन आठवते. कॅराव्हॅन त्याच जातीची, फक्त मुक्कामासाठी बनवलेली. झोपायला बेड, छोटं किचन, पाण्याची टाकी आणि बऱ्याच गाड्यांत टॉयलेट. अमेरिकेत यालाच ‘आरव्ही’ म्हणतात.

तंबू ठोकायला दहा बाय दहाचा तुकडा पुरतो, कॅराव्हॅनचं तसं नाही. तिला सपाट आणि टणक जमीन लागते, नाहीतर पाऊस पडला की चाकं रुतलीच. जड गाडी आत घेऊन परत वळवता येईल एवढा रस्ता लागतो. बॅटरी चार्ज करायला विजेचा पॉइंट आणि टाकी भरायला पाणी लागतं. आणि ज्याबद्दल रीलमध्ये कुणीच बोलत नाही ती गोष्ट म्हणजे टॉयलेटची टाकी रिकामी करायची सोय.

यातलं शेवटचं नसेल तर ती घाण कुठं जाते, हे वेगळं सांगायला नको.

अमेरिकेत हे कसं जमतं?

तिथं जमण्याचं सगळ्यात मोठं कारण म्हणजे सरकारी जमीन. तिथल्या वनखात्याकडं सुमारे 19 कोटी 30 लाख एकर जमीन आहे. केंद्राच्या भूव्यवस्थापन विभागाकडं आणखी साडेचोवीस कोटी एकरांच्या आसपास. दोन्ही मिळून जवळपास पावणेसहा महाराष्ट्र बसतील एवढी. या जमिनीवर सगळीकडं मुक्कामाला परवानगी नसते, पण मोठ्या भागात साधारण 14 दिवसांपर्यंत गाडी लावून राहता येतं, तेही बहुतेक ठिकाणी फुकट. फक्त वीज, पाणी, टॉयलेट काही मिळत नाही.

पण तिथंही मोठ्या शहराजवळ परिस्थिती सोपी नाही. ही जमीन मुख्यतः पश्चिमेकडच्या राज्यांत आहे. न्यूयॉर्कवाल्याला तिचा उपयोग जवळपास शून्य. सॅन फ्रान्सिस्कोहून चार तासांवर योसेमिटी आहे, पण तिथल्या बहुतेक कॅम्पग्राउंडचं बुकिंग पाच महिने आधी, महिन्याच्या 15 तारखेला उघडतं आणि सुट्टीच्या दिवसांच्या जागा काही मिनिटांत संपतात. बे एरियातल्या मराठी मंडळींना विचारा, सकाळी सातला तात्काळ तिकिटासारखे लॅपटॉप उघडून बसतात. त्यात कोरोनानंतर गाड्याही वाढल्या. 2021 या एका वर्षात तिथल्या कंपन्यांनी 6 लाखांच्या वर आरव्ही बाजारात पाठवल्या.

थोडक्यात काय, तर शहराजवळची मोकळी आणि शांत जागा तिथंही दुर्मिळच आहे. फरक एवढाच, की ती वाटून देण्याची एक पद्धत ठरलेली आहे. जागेला नंबर आहे, नंबरवर एकच गाडी आहे आणि जागा भरल्या की गेट बंद.

आपल्याकडं घोडं कुठं अडतं?

नकाशावर मुंबई-पुण्याभोवती जे हिरवं आणि निळं दिसतं, ते तीन प्रकारचं आहे.

पहिला प्रकार, जंगल. राखीव वनात विनापरवानगी घुसणं हा 1927 च्या भारतीय वन कायद्याप्रमाणं गुन्हा ठरतो. अभयारण्य असेल तर 1972 चा वन्यजीव संरक्षण कायदा लागतो. भंडारदऱ्याच्या आजूबाजूचा बराचसा भाग कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो. पावसाच्या तोंडावर काजवे बघायला तिथं गाड्यांची रीघ लागते आणि त्याच गाड्यांच्या हेडलाइटमुळं काजव्यांची वाट लागते. कारण उजेड जास्त झाला की त्यांना एकमेकांचे इशारेच दिसत नाहीत.

दुसरा प्रकार, धरणाचा काठ. ‘पाण्याला लागून’ अशी जाहिरात असते ना, ती जमीन बहुतेक वेळा धरणासाठी संपादित झालेली असते. पाणी उतरलं की उघडी पडते, वर चढलं की बुडते. पावसाळ्यात पाणलोटात जोराचा पाऊस झाला तर पातळी रात्रीतून बदलू शकते. तिथं चारपाच टनांची गाडी लावून झोपणं हे साहस नाही, नसता धोका आहे.

तिसरा प्रकार, खासगी शेत. मुक्काम होऊ शकतो तो मुख्यतः इथंच. पण शेतं तुकड्या-तुकड्यांची, आत जायला बैलगाडीची वाट आणि डोक्यावर लोंबणाऱ्या तारा. दहा फूट उंचीची गाडी असेल तर पुढं एकानं चालत, वर बघत जायला लागतं.

मग शेतमालक मोकळी जागा का देत नाही?

तर त्याचं गणित साधं आहे. समजा एका शेतकऱ्याकडं रस्त्याला लागून एक एकर, म्हणजे 40 गुंठे जमीन आहे. त्यानं 20 तंबू लावले, प्रत्येकात दोन माणसं आणि माणशी 1000 रुपये धरले तर एका रात्रीचे झाले 40 हजार.

आता त्याच एकरात कॅराव्हॅनसाठी ऐसपैस जागा करायची ठरवली. शेजारच्याचा आवाज येऊ नये म्हणून गाडीमागं पाच गुंठे धरले, रस्ता आणि टॉयलेटची जागा वजा केली, तर बसतात सहा गाड्या. गाडीला 2500 रुपये धरले तरी होतात 15 हजार. वर मुरूम टाकायचा, विजेचे पॉइंट काढायचे, सेप्टिक टँक बांधायचा. तंबूवाल्याला यातलं निम्मंही करायला लागत नाही.

आकडे मागंपुढं करून बघा, निष्कर्ष फारसा बदलत नाही. मोकळेपणाला जोवर वेगळी किंमत मिळत नाही, तोवर मालक गर्दीच विकणार. त्यात त्याची चूक नाही.

सरकारनं काय केलंय?

महाराष्ट्र सरकारनं 2021 मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण मंजूर केलं. त्यात फक्त गाड्यांचा नाही, तर गाड्या लावायच्या ‘कॅराव्हॅन पार्क’चाही विचार आहे. खासगी जमिनीवर किंवा एमटीडीसीच्या जागेवर असे पार्क उभारायचे, पर्यटन संचालनालयाकडं नोंदणी करायची आणि त्या बदल्यात सवलती घ्यायच्या, अशी रचना आहे. त्याच्या आदल्या वर्षी, 2020 मध्ये, कृषी पर्यटनाचं धोरण आलं. त्यातून शेतकऱ्याला शेतावरच पाहुण्यांची सोय करून रीतसर नोंदणी करता येते. केरळनंही 2021 मध्येच ‘केरावान केरळ’ नावानं अशीच योजना आणली.

कागदावर दिशा बरोबर आहे. पण वरचं एकराचं गणित सोडवल्याशिवाय पार्क वाढणार नाहीत. एका शेतकऱ्याला सेप्टिक टँक आणि विजेचा खर्च एकट्याला झेपत नाही. पाच-सहा शेतकऱ्यांना मिळून टाकी उपसायची एक सामाईक सोय ग्रामपंचायतीजवळ झाली, तर मात्र चित्र बदलू शकतं.

हा फक्त हौशी लोकांचा प्रश्न नाहीये

आता म्हणाल, कॅराव्हॅनवाले असे किती, त्यांची एवढी काळजी कशाला? तर त्यासाठी पवना धरणाचं उदाहरण बघायला लागतंय.

मावळातलं पवना म्हणजे मुंबई-पुणेकरांचं कॅम्पिंगचं माहेरघर. समोर तुंग, तिकोना, लोहगड. यातला लोहगड तर जुलै 2025 मध्ये ‘मराठा लष्करी भूप्रदेश’ म्हणून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेलेल्या 12 किल्ल्यांपैकी एक. पण हेच पवनेचं पाणी पिंपरी-चिंचवडकर पितात. काठावर जे सांडतं, ते शेवटी कुणाच्या तरी नळाच्या दिशेनं जातं.

आणि ही जमीन ‘रिकामी’ कधीच नव्हती. धरणात गावांची शेतं गेली. 9 ऑगस्ट 2011 ला पवनेच्या बंद जलवाहिनीविरोधात मावळातले शेतकरी एक्सप्रेसवेवर उतरले, पोलिसांनी गोळीबार केला आणि तीन शेतकऱ्यांचा जीव गेला. आज त्याच पट्ट्यातल्या पोरांना कॅम्पिंगमधून चार पैसे मिळतायत. त्यामुळं ‘सगळं बंद करा’ म्हणणं सोपं असलं तरी बरोबर नाही.

दुसरी गोष्ट जिवाची. 30 जून 2024 ला लोणावळ्यात भुशी धरणाच्या वरच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले. 15 जून 2025 ला कुंडमळ्यात इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल कोसळला आणि चौघांचा मृत्यू झाला. दोन्ही दिवशी वार होता रविवार. ठरावीक पाच-सहा जागांवर, ठरावीक दिवशी, सगळं शहर लोटतं तेव्हा असं होतं. माणसं पांगायला हवीत, तर पांगण्यासारख्या जागा तयार व्हायला हव्यात.

मग तोवर जागा शोधायची कशी?

पहिलं म्हणजे दोन तासांचं वर्तुळ सोडा. लोणावळा, पवना, मुळशी इथं शनिवारी शांतता मिळणं अवघड. तीन-चार तासांच्या पट्ट्यात भोर, अकोले, जुन्नर येतात. जुन्नरला तर राज्य सरकारनं 2018 मध्ये विशेष पर्यटन तालुका म्हणून जाहीर केलंय. वार बदलता आला तर आणखी चांगलं. तीच जागा मंगळवारी बघा, ओळखू येणार नाही.

दुसरं, लोकेशनच्या मागं न लागता नोंदणी केलेलं कृषी पर्यटन केंद्र शोधा आणि मालकाला फोन करून थेट विचारा. गेट किती फूट रुंद आहे? शेवटच्या वाटेवर समोरून ट्रॅक्टर आला तर काय? मोठी गाडी आत वळते का? 15 अँपिअरचा प्लग आहे का? टॉयलेटचं पाणी सेप्टिक टँकमध्ये जातं का, आणि आमची टाकी तिथं रिकामी करू द्याल का? त्या रात्री एकूण किती लोकं असणार? या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर टाळलं, तर समजून जा.

तिसरं, जायच्या आधी नकाशाचं सॅटेलाइट दृश्य उघडा. पाण्याची सध्याची कड आणि धरण भरल्यावरची कड यात फरक दिसतो, गाडी वरच्या कडेच्याही वर लागायला हवी. पावसाळ्यात जिल्हाधिकारी धबधबे आणि धरणांवर बंदीचे आदेश काढतात, ते निघायच्या आधी बघा.

चौथं, ‘निर्जन’ या शब्दाच्या प्रेमात पडू नका. जुन्नरच्या उसात बिबट्या राहतो, माणिकडोहला बिबट्यांचं निवारा केंद्र आहे ते उगाच नाही. तिथला शेतकरी रात्री पाणी द्यायला जातो तेव्हा जीव मुठीत धरून जातो. म्हणून हाकेच्या अंतरावर एखादं घर असलेली जागाच निवडा. लहान पोरं बरोबर असतील तर अंधार पडल्यावर गाडीबाहेर एकटं सोडू नका.

आणि शेवटचं, जागा चांगली सापडली तर पैशात घासाघीस करू नका. वरचं गणित आठवा. जो मालक 20 तंबू लावायचे सोडून तुमच्यासाठी अर्धा एकर मोकळा ठेवतोय, तो नुकसान सोसतोय. त्याला दोन पैसे जास्त मिळाले तर पुढच्या वर्षीही ती जागा मोकळी राहील. आणि हो, रील टाकताना गावाचं नाव टाकायचं की नाही, ते मालकाला विचारून ठरवा.