काळा कालथा टाकावा का?

इथे हर्नडनला आमच्या घरी मटणाचे आणि दुधाचे डाव-चमचे वेगळे ठेवतो. पण काळा कालथा कोणत्या प्लास्टिकच्या मिश्रणाचा आहे, हे पाकिटावर लिहिलेले नसते. ते लिहिणे सक्तीचे व्हावे, असे माझे मत आहे.

2024 साली छापलेल्या एका अहवालासाठी अमेरिकेतल्या काळ्या प्लास्टिकच्या 203 वस्तू तपासल्या होत्या. आधी क्ष-किरण यंत्राने ब्रोमीन शोधले. ज्या 20 वस्तूंत ते जास्त होते, त्यांची प्रयोगशाळेत बारकाईने तपासणी झाली आणि 17 मध्ये आग रोखणारी रसायने निघाली. ही रसायने टीव्ही-संगणकांच्या कवचात घालतात. भंगार वितळवताना ती मिश्रणात येतात. प्लास्टिकची जात अवरक्त किरणांनी ओळखतात, पण काळा रंग ते किरण शोषून घेतो आणि भंगार निवडणारे यंत्र फसते.

मात्र घाबरू नका. त्या अहवालात हिशेब चुकला होता. डेकाबीडीई या रसायनाची 60 किलो वजनाच्या माणसासाठी रोजची मर्यादा 42,000 नॅनोग्रॅम छापली गेली, खरी 4,20,000. अंदाजे पोटात जाणारे 34,700, म्हणजे मर्यादेच्या दहाव्या हिश्शाहूनही कमी. चूक पुढे दुरुस्त झाली.

तरीही तापलेल्या तेलात प्लास्टिक कशाला? नारळाच्या रसातले मटण आपल्या आया लाकडी डावानेच ढवळत. लाकूड किंवा स्टील घ्या. त्यात काय आहे, हे कळायला प्रयोगशाळा लागत नाही.