मैदान सुटू नये, पदवीही

सॉफ्टबॉल १९९६ मध्ये ऑलिंपिकमध्ये आला. २०२८ च्या लॉस एंजेलिस स्पर्धेत तो पुन्हा असेल. आपल्या वाशिम जिल्ह्यात मात्र बारावीनंतर शुल्क आणि प्रवास दोन्ही पेलेनासे झाले, की आधी सुटते ते मैदान. वस्तुतः अमरावती विद्यापीठाच्या संघातून आंतरविद्यापीठ स्पर्धा खेळण्यासाठी महाविद्यालयीन प्रवेश हवा. शासकीय नोकरीतील ५ टक्के क्रीडा आरक्षणालाही पदाची शैक्षणिक पात्रता लागतेच.

समाजातील विश्वस्तांनी विचार करावा. पाच लाखांच्या ठेवीवर सात टक्के दर धरल्यास वर्षाला ३५,००० रुपये व्याज येते. मुद्दल अबाधित राहते. पहिला हप्ता प्रवेशाच्या वेळी, दुसरा सत्राच्या निकालानंतर द्यावा. खेळाडू जखमी झाल्यास मात्र तो थांबवू नये; त्या वर्षीच शिक्षणाचा आधार सर्वाधिक लागतो.