पाटी पोर्तुगीज, चूल गोव्याची

मंडळी, आजचे भांडण एका शब्दाशी आहे. शब्द आहे 'पोर्तुगीज'.

गेल्या हिवाळ्यात आम्ही घरची नऊ माणसे श्रीगोंद्याहून गोव्याला गेलो होतो. पणजीच्या फोंतेन्यास भागात, रंगीत भिंतींच्या अरुंद गल्लीत, एका हॉटेलावर 'अस्सल पोर्तुगीज जेवण' अशी पाटी दिसली. पाटी वाचताच आमच्यात दोन पक्ष पडले. तरुण पक्ष म्हणाला, "चला, युरोप इथंच बघून घेऊ!" ज्येष्ठ पक्षातले एक (नाते सांगत नाही, ते हे वाचणार आहेत) म्हणाले, "ज्यांनी देवळं पाडली त्यांचं खायचं? त्यापेक्षा साधी थाळी बघा कुठं." शेवटी भुकेने निकाल दिला. आत गेलो, जेवलो, आणि उत्तम जेवलो. पण माझ्या मते दोन्ही पक्ष चुकत होते, आणि पाटी तर सगळ्यांत जास्त.

मेनूकार्डावर काल्दो वेर्दे होते, म्हणजे बटाटा आणि हिरव्या पानांचे सूप. बाकल्याव होता, म्हणजे खारवून सुकवलेला कॉड मासा. हे दोन खरोखरच पोर्तुगालचे, त्याबद्दल वाद नाही. पण त्याच पाटीखाली विंदालू, शाकुती, काफ्रेल, पोई, बेबिंक... सगळेच पोर्तुगीज!

एकेक घेऊ. विंदालूचे नाव पोर्तुगीज खरे. 'विन्या द आल्योस' म्हणजे वाइन आणि लसणीत मुरवलेले मांस. गोव्यात ती द्राक्षाची वाइन कुठून आणणार? मग माडाच्या सुरेचा शिरका आला. लाल मिरची, जिरे, लवंग, दालचिनी पाट्यावर वाटून त्यात पडली. नाव तेवढे उरले, पदार्थ दुसराच झाला. शाकुतीत भाजलेले खोबरे आणि खसखस. पोर्तुगालात नारळ कुठल्या झाडाला लागतो? काफ्रेल आले आफ्रिकेतून, मोझांबिकहून. तिथेही पोर्तुगीजांचेच राज्य होते, पण शिजवणारे आफ्रिकी लोक होते. पोईचे पीठ जुन्या पद्धतीने सुरेनेच फुगवत. बेबिंकेत नारळाचे दूध, आणि एकेक थर ओतून, भाजून, त्यावर पुढचा थर. हा धीर लिस्बनहून जहाजाने आलेला नाही.

स्वयंपाक कोण करते, असे मी वाढणाऱ्या मुलाला विचारले. तो म्हणाला, "सासष्टीच्या एक बाई आहेत, सासूकडून शिकल्या." झाले! सासूकडून सुनेकडे आलेली विद्या आणि पाटीवर नाव राजाचे. मुलाने सोडवलेल्या गणिताखाली शाळा तपासणीला आलेल्या साहेबाने स्वतःची सही ठोकावी, तसा हा प्रकार.

आणि तो साहेब कसा होता, हेही लक्षात घ्या. गोव्यात इन्क्विझिशन १५६० ते १८१२ पर्यंत (मधली थोडी वर्षे वगळता) चालले. अ. का. प्रियोळकरांनी १९६१ साली 'द गोवा इन्क्विझिशन' या ग्रंथात त्याचा इतिहास मांडला. इन्क्विझिशनने १७३६ साली काढलेल्या हुकूमनाम्यात ख्रिस्ती झालेल्यांनी कोणते जुने रीतिरिवाज पाळू नयेत याची लांबलचक यादी आहे. त्यात एक मनाई अशी की, हिंदूंसारखा मीठ न घालता भात शिजवू नये. भाताच्या मिठावर पहारा! ज्या राज्याने बायकांच्या चुलीपर्यंत हात घातला, त्याच राज्याचे नाव आज त्या बायकांच्या रांधण्याला 'अस्सल' म्हणून चिकटवायचे? आणि आपण पर्यटकांनी त्याच्यासमोर उभे राहून फोटो काढायचे?

आता ज्येष्ठ पक्षाकडे वळतो. त्यांनी जेवताना मला सेनापती बापटांची आठवण करून दिली. बापट आपल्या शेजारच्या पारनेरचे. १९५५ च्या गोवा सत्याग्रहात ते उतरले तेव्हा सत्तरी ओलांडलेले होते, म्हणजे आज माझे आहे तेवढेच वय. "त्यांनी मार खाल्ला तो तुम्ही इथं जेवावं म्हणून का?" असा सवाल आला. माझे उत्तर आहे : होय, यासाठीच! ते सत्याग्रही गोव्याच्या माणसांसाठी गेले होते. १९ डिसेंबर १९६१ ला गोवा मुक्त झाला तो तिथल्या माणसांसकट, त्यांच्या चर्चसकट, देवळांसकट आणि चुलींसकट. जमीन आमची आणि तिथले जेवण परक्यांचे, ही कुठली मुक्ती?

राहिला शुद्धतेचा मुद्दा. ज्ञानेश्वरमाउलींनी आपल्याच जिल्ह्यात, नेवाश्याला, शके १२१२ मध्ये (म्हणजे १२९० साली) ज्ञानेश्वरी सांगितली. तेव्हा नेवाश्यात काय, अख्ख्या भारतात मिरची नव्हती. तिखटासाठी मिरी, पिंपळी, आले. मिरची मूळची अमेरिकेतली. वास्को द गामा १४९८ साली कालिकतला पोचला, त्यानंतर ती पोर्तुगीजांच्या जहाजांतून इकडे आली. म्हणजे ज्या ठेचा-भाकरीची आपण शपथ घेतो, तिच्यातली भाकरी जुनी आणि ठेचा समुद्रापलीकडचा. एकादशीची साबुदाण्याची खिचडी बघा. साबुदाणा ज्या कंदाचा होतो तो, बटाटा, शेंगदाणा, हिरवी मिरची, चारही मूळचे अमेरिकेतले. उपवास मोडला का? पाव, बटाटा, काजू, अननस हे शब्दही आपण पोर्तुगीजांकडून घेतले. फार काय, 'पगार' हा शब्दसुद्धा त्यांचाच. तो घेताना मी कधी नाक मुरडले नाही, आणि आमच्या ज्येष्ठांनीही नाही!

पण यातली एक गोष्ट हसण्यावारी नेण्यासारखी नाही. पोर्तुगीजांनी विहिरीत पाव टाकले, ते पाणी प्यायलेली माणसे बाटली असे ठरवून त्यांच्याच भाऊबंदांनी त्यांना दूर केले, अशी कथा वसईकडे आणि गोव्याकडे पिढ्यान्‌पिढ्या सांगतात. पाव टाकणाऱ्याचा दोष आपण अजून मोजतो. दार लावून घेणाऱ्याचा दोष कोण मोजणार? आज तोच पाव मिसळीबरोबर चौकाचौकात खाल्ला जातो, कोणी बाटत नाही. पाव आपण घरात घेतला. त्या माणसांचे वंशज मात्र आपल्या बोलण्यात अजून 'ते' आहेत, आणि त्यांचे जेवण 'त्यांचे'.

आम्हा श्रीगोंदेकरांना तर हे शोभतच नाही. आमचे ग्रामदैवत संत शेख महंमद महाराज. मुसलमान घरात जन्मून त्यांनी मराठीत 'योगसंग्राम' लिहिला, आणि गाव त्यांच्यापुढे हात जोडते. जन्म कुठला ते न विचारता, काय दिले ते बघायचे, हा आमचा जुना शिरस्ता. मग सासष्टीच्या त्या बाईंनाच वेगळा न्याय का?

माझे म्हणणे थोडक्यात असे. कॉड मासा वाढाल तर त्याला खुशाल पोर्तुगीज म्हणा. विंदालू, शाकुती, बेबिंक यांवर मात्र 'गोव्याचे जेवण' असे लिहा. जमले तर खाली रांधणाऱ्या बाईंचे नावही घाला. आणि आपण खाणाऱ्यांनी पाटी काहीही असो, बिल देताना स्वयंपाकघरात डोकावून दोन शब्द बोलून यावे. कोकणीत 'देव बरें करूं' म्हणतात. तिथल्या देवळात जाणाऱ्यांचा आणि चर्चमध्ये जाणाऱ्यांचा तो एकच शब्द आहे.