वीज गावाची; निर्णय कोणाचा?

जालना जिल्ह्यातील घनसावंगी तालुक्यात कुंभार पिंपळगाव हे बाजारपेठेचे मोठे गाव आहे. गोदाकाठच्या या पट्ट्यात ऊस आणि कापूस यांचे भवितव्य जेवढे पावसावर, तेवढेच पंपाच्या विजेवर अवलंबून असते. शेतीची वीज रात्री-अपरात्री येते, ही मराठवाड्याची जुनी तक्रार. ती दूर करण्यासाठी राज्य सरकारने 2017 साली मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना आखली आणि 2023 साली तिचा दुसरा टप्पा सुरू केला. उपकेंद्राच्या आसपास सौर प्रकल्प उभारून पंपांना दिवसा वीज द्यावयाची, ही कल्पना स्वागतार्हच आहे.

परंतु प्रकल्पाला जमीन लागते. एका मेगावॉटला सुमारे चार-पाच एकर. खाजगी जमीन भाड्याने घेतल्यास मालकाला हेक्टरी वार्षिक सव्वा लाख रुपये मिळण्याची तरतूद आहे. सरकारी जमीन मात्र नाममात्र भाड्याने दिली जाते, आणि खेड्यात सरकारी जमीन म्हणजे बहुधा गायरान. कागदावर ते पडीक असते. प्रत्यक्षात तेथे शेळ्या चरतात, सरपण मिळते, आणि मराठवाड्यात तर अनेक भूमिहीन दलित कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या गायरान कसत आली आहेत. या जमिनीशी रोजचा संबंध येतो तो बाईचा. तिचे नाव सातबाऱ्यावर क्वचित, वीजजोडणीवर त्याहून क्वचित. साहजिकच लाभार्थींच्या यादीत ती नसते आणि नुकसान झालेल्यांची यादी कोणी करीत नाही.

अशा प्रकल्पाच्या ग्रामपंचायतीला तीन वर्षे दरसाल 5 लाख रुपये अनुदान मिळते. ते कशावर खर्च व्हावे, हे कोण ठरविणार? राज्यातील पंचायतींत 2011 पासून निम्म्या जागा स्त्रियांच्या आहेत. पण कित्येक गावी कारभार सरपंचबाईंचे यजमानच पाहतात, हे उघड गुपित आहे.

विजेचे काम तांत्रिक, त्यात बायका काय सांगणार, असा आक्षेप घेतला जातो. राजस्थानातील तिलोनिया येथील संस्थेने अल्पशिक्षित ग्रामीण स्त्रियांना सौरयंत्रांची जोडणी व दुरुस्ती शिकवून तो केव्हाच खोडून काढला आहे. आपल्याकडे मात्र तावदाने पुसण्याची रोजंदारी बाईला आणि नोंदवही पुरुषाच्या हाती, अशी वाटणी होण्याचाच संभव अधिक.

त्यासाठी नवा कायदा नको. ग्रामसभेपूर्वी महिलांची स्वतंत्र सभा घेण्याची तरतूद राज्याच्या ग्रामपंचायत कायद्यात आहे. तिला हजेरीपटावरील सह्यांपलीकडे काम दिले पाहिजे. गायरान देण्याआधी जिल्हाधिकाऱ्यांनी या सभेचा ठराव मागवावा, चराईसाठी व सरपणासाठी किती जमीन राखावयाची हे त्यात नमूद असावे, आणि अनुदानाचा हिशेबही दरवर्षी याच सभेपुढे वाचला जावा.