ओळखपत्रावर रक्तगट असू द्या, सिकलसेल नको



नव्या सत्राच्या ओळखपत्रावर रक्तगटाखाली सिकलसेल तपासणीचा निकालही छापावा, अशी सूचना पालक-शिक्षक सभेत आली आहे. सूचनेमागे मुलांची काळजीच आहे. तपासणीला माझा पूर्ण पाठिंबा आहे. छापण्याला मात्र विरोध आहे, आणि त्याचे कारण एका थोर शास्त्रज्ञाच्या हकिकतीत आहे.

लायनस पॉलिंग हे अमेरिकेचे रसायनशास्त्रज्ञ. १९४९ मध्ये त्यांनी व सहकाऱ्यांनी दाखवून दिले की सिकलसेलच्या रुग्णाचे हिमोग्लोबिनच निराळे असते. विद्युत क्षेत्रात ते निरोगी हिमोग्लोबिनपेक्षा वेगळे सरकते. वाहकाच्या रक्तात दोन्ही प्रकार सापडले. आजाराचे मूळ एका रेणूच्या घडणीत असू शकते, हे जगाला तेव्हा कळले. पुढे व्हर्नन इन्ग्रॅम यांनी केंब्रिजला शोधले की सारा फरक एका अमिनो आम्लाचा आहे: ग्लुटामिक आम्लाच्या जागी व्हॅलिन. एवढ्याशा फरकाने तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि मूल वेदनेने तळमळते.

याच पॉलिंग यांनी १९६८ मध्ये लिहिले की असा जीन बाळगणाऱ्या तरुणांच्या कपाळावर खूण गोंदवावी, म्हणजे दोन वाहक नकळत एकमेकांच्या प्रेमात पडणार नाहीत. हेतू करुणेचाच होता. दोघे वाहक असतील तर प्रत्येक खेपेला मूल रुग्ण होण्याची शक्यता चारात एक असते. पण गोंदण कुणाच्या कपाळी आले असते? तिकडे हा जीन मुख्यतः कृष्णवर्णीयांत आढळतो. गोंदण झाले नाही, तरी १९७० च्या दशकात तिथे धडधाकट वाहकांना नोकरी आणि विमा नाकारल्याची उदाहरणे घडली. अमेरिकेच्या वायुदल अकादमीचे दार तर १९८१ पर्यंत त्यांना बंद होते.

आता आपल्याकडे पाहा. राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान १ जुलै २०२३ रोजी आपल्याच प्रदेशात, शहडोलला सुरू झाले. झाबुआ, अलीराजपूर, बडवानी इथे हा आजार आहेच. पण आपल्यापैकी ज्यांची मुळे नागपूर-विदर्भाकडे आहेत, त्यांनीही ‘हा आदिवासींचा आजार’ म्हणून हात झटकू नयेत. गळ्यातले ओळखपत्र रिक्षावाल्यापासून शेजारच्या काकूंपर्यंत सगळे वाचतात. उद्या स्थळ बघताना कुणाची आठवण निघेल? मुलाची नाही, मुलीचीच निघेल. वाहक म्हणजे रुग्ण नव्हे, हे समजावायला तेव्हा तिथे कोण बसलेले असेल?

शिवाय शिबिरातली सोल्युबिलिटी टेस्ट वाहक आणि रुग्ण यांत भेद करत नाही. तो इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी केल्यावर ठरतो. अर्धवट निकाल छापून टाकायचा काय?

एका पालकांचा मुद्दा मात्र रास्त आहे: मैदानावर काही झाले तर शिक्षकांना माहीत नको का? रुग्ण मुलाच्या बाबतीत जरूर हवे. पाणी कमी पडणे, कडक थंडी, अति दमणूक यांनी त्याच्या वेदना उसळतात. त्याला वर्गात पाण्याची बाटली जवळ ठेवू द्यावी, धावण्याची सक्ती करू नये, ताप आला तर घरी लगेच कळवावे. पण त्यासाठी वर्गशिक्षक आणि पी.टी.चे सर यांना, पालकांच्या संमतीने, सांगणे पुरेसे आहे.

म्हणून विश्वस्त मंडळापुढे माझा प्रस्ताव असा: पालकांच्या लेखी परवानगीनेच तपासणी व्हावी, अहवाल बंद लिफाफ्यात घरी जावा आणि शाळेच्या रजिस्टरात त्याची नोंद नसावी. दहावीत आनुवंशिकता शिकवताना वाटाण्याच्या रोपांबरोबर सिकलसेलचे उदाहरणही फळ्यावर मांडावे, असे विज्ञानाच्या बाईंना मी सांगितले आहे. ओळखपत्रे छापायला जाण्याआधी पालकांनी आपली मते कार्यालयात लेखी द्यावीत. माझ्या विरुद्ध असली तरी ती मंडळापुढे जशीच्या तशी ठेवली जातील.